‘पिंच ऑफ सॉल्ट’ : मीठ सांगणाऱ्याच्या हातात नाही, ऐकणाऱ्याच्या

मराठीत गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात. ते मीठ सांगणाऱ्याच्या हातात असतं. राईचा पर्वत करायचा असेल तर तो करतो आणि ऐकणारा ऐकत राहतो. इंग्रजीत ‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ म्हणतात तेव्हा मीठ ऐकणाऱ्याच्या हातात असतं. समोरचा काय सांगतोय ते ऐकून घ्या, पण सोळा आणे खरं मानू नका, असा त्याचा अर्थ. मीठ नेमकं कोणाच्या हातात आहे एवढं पक्कं झालं, की या वाक्प्रचाराच्या निम्म्याअधिक चुका होतच नाहीत. मराठी माणसाचा घोळ बहुतेक वेळा इथेच होतो. आपल्या कानाला मीठ म्हटलं की अतिशयोक्ती आठवते, आणि मग ‘ही टोल्ड द स्टोरी विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ असं वाक्य लिहून होतं. त्याला ‘तिखटमीठ लावून सांगितलं’ असा अर्थ अजिबात येत नाही. त्यासाठी ‘एक्झॅजरेट’, ‘एम्बेलिश’ किंवा बोलीत ‘स्पाइस अप’ आहे.

आता शंका किती घ्यायची? पिंच म्हणजे चिमूट, मूठ नव्हे. हे उदाहरण बघा. जागेच्या जाहिरातीत लिहिलंय, स्टेशनपासून पाच मिनिटं. तुम्ही मित्राला म्हणता, ‘द ब्रोशर सेज फाइव्ह मिनिट्स फ्रॉम द स्टेशन, बट आय वुड टेक दॅट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.’ स्टेशन आहे, जागा आहे, रस्ताही आहे, यावर तुमचा विश्वास आहे. शंका आहे ती ‘पाच’ या आकड्यावर. ते पाच सकाळी सहाला, मोकळ्या रस्त्यावर, मोटारसायकलने असतील, चालत पंधरा लागतील. गाभा मान्य, वरची फुगवटी अमान्य, अशा वेळी हा वाक्प्रचार चपखल बसतो. जागाच अस्तित्वात नाही असं म्हणायचं असेल तर चिमूटभर मिठाचं इथे काम नाही. तेव्हा ‘डोन्ट बिलीव्ह अ वर्ड ऑफ इट’ म्हणा. स्पर्धा परीक्षेत पर्यायांमध्ये ‘टू डिसबिलीव्ह कम्प्लीटली’ आणि ‘टू बी समव्हॉट स्केप्टिकल’ असे दोन्ही असतील, तर दुसरा बरोबर.

एक बारकावा मात्र आहे. ब्रिटिश माणूस बोलताना मुद्दाम हात आखडता ठेवतो. तो ‘अ पिंच’ म्हणाला तरी मनात बरीच मोठी शंका असू शकते. त्याचा सूर आणि पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय मिठाचं प्रमाण ठरवू नका.

मीठ आलं कुठून

थोरला प्लिनी या रोमन लेखकाने इ.स. 77 च्या सुमारास लिहिलेल्या ‘नॅचरल हिस्ट्री’ या लॅटिन ग्रंथाच्या तेविसाव्या खंडात विषावरच्या एका उताऱ्याची कृती आहे. काळ्या समुद्राकाठच्या पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस हरल्यावर रोमन सेनापती पाँपीला त्याच्या खासगी टिपणांत, त्याच्याच हस्ताक्षरात, ती सापडली असं प्लिनी सांगतो. वाळलेले अक्रोड दोन, अंजीर दोन, सतापाची पानं वीस, सगळं एकत्र कुटायचं आणि त्यात मिठाचा एक कण घालायचा. उपाशीपोटी घेतलं तर त्या दिवशी कोणतंही विष बाधत नाही, असा दावा. आपल्याकडे कोकणात-देशावर परसात लावतात तोच हा सताप.

प्लिनीचं मीठ खरंखुरं आहे. त्याच्या मजकुरात शंकेचा मागमूस नाही. मीठ घातलं की विषसुद्धा पचतं, मग संशयास्पद बातमीही थोडं मीठ लावून पचवावी, असा धागा लोकांनी पुढे जोडला. इंग्रजीत ‘ग्रेन ऑफ सॉल्ट’ हा आजच्या अर्थाचा प्रयोग सतराव्या शतकात दिसतो. बायबलवर भाष्य लिहिणाऱ्या जॉन ट्रॅपच्या 1647 च्या लेखनातला दाखला नेहमी दिला जातो. ‘पिंच’ फार उशिरा, विसाव्या शतकात आलं. डच आणि जर्मन भाषेतही मिठाच्या कणाचा असाच प्रयोग आहे, म्हणजे ही एकट्या इंग्रजीची मिरास नाही.

लक्षात ठेवायला मराठीतलाच एक दुवा कामाला येतो. पटत नसलेली गोष्ट आपल्या ‘गळी उतरत’ नाही. इंग्रजीतही ‘स्वॉलो’ म्हणजे गिळणं आणि भाबडेपणाने खरं मानणं, असे दोन्ही अर्थ आहेत. घास अळणी असेल तर तो मिठाबरोबर उतरवायचा, तसाच नाही.

वाक्याची जुळणी

क्रम ठरलेला आहे: टेक, मग जे खरं मानायचं नाही ते, मग विथ, मग अ, मग पिंच ऑफ सॉल्ट. पाचही भाग लागतात, आणि आपल्याकडून नेमके दोन गळतात.

पहिला गळतो तो ‘अ’. मराठीत उपपदं नसल्यामुळे ‘विथ पिंच ऑफ सॉल्ट’ कानाला खटकत नाही. इंग्रजी कानाला तिथे दातात खडा आल्यासारखं होतं. ‘द पिंच’सुद्धा चालत नाही, कारण कोणत्याही ठरावीक चिमटीबद्दल आपण बोलत नाही.

दुसरं गळतं ते कर्म. मराठीत ‘जरा तारतम्याने घ्या’ म्हटलं की काय घ्यायचं ते संदर्भावरून कळतं. इंग्रजीत ‘प्लीज टेक विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ हे अर्धवट वाक्य झालं. ‘इट’, ‘दॅट’, ‘दीज फिगर्स’, ‘व्हॉट ही सेज’, काहीतरी हवंच. आणि ‘इट’ वापरलंत तर ते कशाबद्दल आहे हे आधीच्या वाक्यात आलेलं असू द्या. ईमेलमध्ये तीन मुद्दे मांडून शेवटी ‘टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ लिहिलं, तर वाचणाऱ्याने कोणता मुद्दा सोडून द्यायचा?

कर्म लांबलचक असेल तर वाक्य मधोमध फुगतं. ‘टेक एव्हरीथिंग दॅट द ब्रोकर टेल्स यू अबाऊट द पझेशन डेट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ या वाक्यात ‘टेक’पासून ‘विथ’पर्यंत पोहोचताना दम लागतो. दोन वाटा आहेत. कर्म मागे ढकला: ‘टेक विथ अ पिंच ऑफ सॉल्ट एनिथिंग द ब्रोकर टेल्स यू अबाऊट पझेशन.’ नाहीतर कर्मणी प्रयोग करा: ‘एनिथिंग द ब्रोकर सेज अबाऊट पझेशन शुड बी टेकन विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.’ छापील मजकुरात हा ‘शुड बी टेकन’ फार दिसतो. लिहिताना तो वापरा, बोलताना साधं ‘आय वुड टेक दॅट…’ बरं. ‘यू शुड टेक’ म्हणजे समोरच्याला शिकवल्यासारखं होतं, ‘आय वुड’मध्ये फक्त आपलं मत येतं.

भूतकाळात ‘टूक’: ‘वी टूक हिज प्रॉमिसेस विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.’ त्याची आश्वासनं आम्ही तेव्हाच पुरती खरी मानली नव्हती. क्रियापद शक्यतो ‘टेक’च ठेवा. ‘ट्रीट’ही चालतं. ‘ॲड अ पिंच ऑफ सॉल्ट’ म्हटलं की आमटी आठवते, आणि ‘ईट’ किंवा ‘पुट’ तर नकोच. चिमटीने घ्यायचं म्हणून ‘बाय अ पिंच’ करणारेही आहेत. हा आपल्या ‘ने’ प्रत्ययाचा परिणाम. शब्दयोगी जागा ‘विथ’चीच.

नकारात हा वाक्प्रचार जवळजवळ वापरत नाहीत. ‘शंका घेऊ नका, हे खरं आहे’ यासाठी ‘डोन्ट टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ व्याकरणात बसेल, पण तसं कोणी बोलत नाही. त्या जागी ‘यू कॅन टेक दॅट ॲट फेस व्हॅल्यू’ आहे. फेस व्हॅल्यू म्हणजे नोटेवर किंवा शेअरवर छापलेलं दर्शनी मूल्य. छापलंय तेवढंच धरा, वजाबाकी नको. हे दोन वाक्प्रचार जोडीने शिकले तर दोन्ही पक्के होतात.

शंका वाढवायची असेल तर मीठ वाढवा: ‘अ लार्ज पिंच ऑफ सॉल्ट’, ‘अ हेल्दी पिंच’, ‘मोर दॅन अ पिंच’. अमेरिकेत ‘अ ह्यूज ग्रेन ऑफ सॉल्ट’ही ऐकू येतं. कण प्रचंड कसा, असा प्रश्न तिथे कोणाला पडत नाही. उलट दिशेने, म्हणजे शंका कमी दाखवायला ‘अ टायनी पिंच’ करू नका. चिमूट मुळातच लहान आहे.

पिंच की ग्रेन? ब्रिटन आणि भारतात पिंच, अमेरिकेत ग्रेन. अर्थात तसूभर फरक नाही. पुण्यातून न्यू जर्सीच्या टीमला लिहिताना पिंच लिहिलंत तरी कळतं. फक्त एकाच मजकुरात एकदा पिंच आणि एकदा ग्रेन असं नको.

सगळ्यात मोठी चूक

‘ही टूक द क्रिटिसिझम विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.’ आपल्याकडे हे वाक्य ‘त्याने टीका खिलाडूपणे घेतली, मनाला लावून घेतली नाही’ या अर्थाने सर्रास लिहिलं जातं. वाक्य व्याकरणात चोख आहे, म्हणून चूक पकडली जात नाही. पण त्याचा खरा अर्थ उलट्या बाजूला जातो: त्याला ती टीका पूर्णपणे खरी वाटली नाही, टीकाकाराच्या बोलण्यातून त्याने बरंच वजा केलं. पहिल्या अर्थात माणूस मोठ्या मनाचा दिसतो, दुसऱ्यात टीका न जुमानणारा. वार्षिक मूल्यमापनात एखाद्या सहकाऱ्याबद्दल हे वाक्य कौतुक म्हणून लिहिलंत, तर वाचणारा त्याची नोंद नेमकी उलटी करेल. हे नुकसान खरं आहे, म्हणून इथे जास्त जपावं.

चूक का होते तेही सरळ आहे. ‘चिमूटभर मीठ’ म्हणजे थोडं कडू-खारट, आणि ते ‘घेतलं’ म्हणजे सोसलं, अशी प्रतिमा मनात तयार होते. सोसण्यासाठी इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. न डगमगता पुढे जाणं म्हणजे ‘टेक इट इन वन्स स्ट्राइड’. वार झेलणं म्हणजे ‘टेक इट ऑन द चिन’. राग न धरणं म्हणजे ‘टेक इट इन गुड पार्ट’. तिन्हींत ‘टेक’ आहे, त्यामुळे मिठाशी गल्लत सहज होते. फरक करायला एकच प्रश्न विचारा: इथे खरं-खोटं काही आहे का? असेल तरच मीठ.

हाच प्रश्न आणखीही ठिकाणी उपयोगी पडतो. दावा, बातमी, आकडा, अंदाज, अफवा, जाहिरात, स्तुती, परीक्षण, या सगळ्यांत खरं-खोटं असतं. मीठ चालतं. मतदानोत्तर चाचण्या, बाईकचं जाहिरातीतलं ॲव्हरेज, व्हॉट्सॲपवर फिरणारा काढा, क्लासच्या फलकावरचे निकाल, ही तर नेहमीची गिऱ्हाइकं. पण हुकूम, विनंती, प्रश्न, निमंत्रण यांत खरं-खोटं नसतं. ‘वी टूक द बॉसेस ऑर्डर विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ याला अर्थ नाही. हुकूम मनावर घेतला नाही असं म्हणायचं असेल तर ‘डिड नॉट टेक इट सीरियसली’ म्हणा. माणसालाही सहसा मीठ लावत नाहीत. ‘टेक हिम विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ बोलण्यात येतं, पण ‘टेक व्हॉट ही सेज’ जास्त नेमकं आहे आणि माणसावर घाव पडत नाही.

कोणासमोर म्हणायचं

तिसऱ्याबद्दल बोलताना धोका कमी. ज्याने सांगितलं त्याच्याच तोंडावर ‘आय विल टेक दॅट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट’ म्हणणं म्हणजे ‘तुझं सगळंच काही मी खरं मानत नाही’ असं ऐकवणं. जिवलग मित्राला चालेल. क्लायंटला, वरिष्ठाला, मुलाखत घेणाऱ्याला नाही. तिथे शंका माहितीवर टाका, माणसावर नको: ‘वी आर यट टू व्हेरिफाय दीज नंबर्स’, ‘सब्जेक्ट टू कन्फर्मेशन’.

स्वतःच्या बोलण्याला मीठ लावणं मात्र फार उपयोगी आणि सभ्य आहे. ‘प्लीज टेक धिस विथ अ पिंच ऑफ सॉल्ट, ॲज आय हॅव यूज्ड इट फॉर ओन्ली टू वीक्स.’ दोनच आठवडे वापरलंय, तेव्हा माझं मत पक्कं धरू नका. या वाक्याने तुमचं वजन कमी होत नाही, उलट ऐकणाऱ्याला तुमच्या मताची खोली किती ते कळतं.

त्या वाक्यातला ‘ॲज’पासूनचा भाग सोडू नका. हा वाक्प्रचार कारणाशिवाय वापरला की पोकळ वाटतो, कधीकधी नुसता आकस वाटतो. आपल्याकडे म्हण आहेच, नावडतीचं मीठ अळणी. आवडत नाही म्हणून शंका, आणि पुरावा कमी म्हणून शंका, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘पिंच ऑफ सॉल्ट’ दुसरीसाठी आहे. म्हणून ‘बिकॉज’, ‘सिन्स’, ‘गिव्हन दॅट’ यांपैकी एक लगेच जोडा: ‘द सर्व्हे शुड बी टेकन विथ अ पिंच ऑफ सॉल्ट, गिव्हन दॅट द कंपनी पेड फॉर इट.’ पाहणीचा खर्च कंपनीनेच केलाय, हे कळलं की वाचणारा स्वतः मीठ घेतो.

शपथपत्र, करार, संशोधनपर निबंध, वैद्यकीय अहवाल यांत हा वाक्प्रचार नको. तिथे ‘शुड बी इंटरप्रिटेड विथ कॉशन’ लिहितात. वृत्तपत्रातल्या लेखात, ब्लॉगमध्ये, मीटिंगमध्ये, सहकाऱ्याला पाठवलेल्या मेलमध्ये खुशाल वापरा.

मिठाचे इतर इंग्रजी प्रयोग, जे मध्ये येतात

‘रब सॉल्ट इन द वूंड’ म्हणजे आपलं जखमेवर मीठ चोळणं, शब्दाला शब्द. त्यात अडचण नाही. अडचण ‘वर्थ वन्स सॉल्ट’ची आहे. ते वाचलं की ‘खाल्ल्या मिठाला जागणारा’ असा अर्थ मनात येतो आणि तो चुकतो. आपल्या मिठात निष्ठा आहे, इंग्रजी मिठात लायकी. ‘एनी डॉक्टर वर्थ हर सॉल्ट वुड आस्क अबाऊट ॲलर्जीज’ म्हणजे आपल्या कामात खरोखर हुशार असलेली कोणतीही डॉक्टर ॲलर्जीबद्दल विचारेलच. तिच्या इमानाबद्दल इथे एक अक्षर नाही. याच प्रयोगाबरोबर एक कथा फिरते, की रोमन सैनिकांना पगार मिठातच मिळायचा, म्हणून ‘सॅलरी’. लॅटिन ‘सालारियम’ या शब्दाचं मूळ मिठाच्या ‘साल’ शब्दात आहे हे बरोबर. पगार प्रत्यक्ष मीठ मोजून द्यायचे याला प्राचीन पुरावा नाही. गाभा खरा, वरचं फुगवलेलं. ही कथा पिंच ऑफ सॉल्टबरोबरच घ्यायची.

‘फील द पिंच’ हा तर वेगळाच मामला. तिथे पिंच म्हणजे चिमूट नसून चिमटा, पैशाची ओढाताण जाणवणं.

मराठीत आणताना

‘ही बातमी चिमूटभर मिठासह घ्यावी’ असं भाषांतर छापून आलेलं दिसतं. मराठी वाचकाला त्यातून काही बोध होत नाही, कारण आपल्याकडे ऐकणारा मीठ घेतच नाही. प्रतिमा सोडून द्या, अर्थ आणा. लेखी, गंभीर मजकुरात ‘तारतम्याने घ्यावी’ हा सर्वांत जवळचा शब्द. आकड्यांच्या संदर्भात ‘थोडी वजावट धरूनच’. बोलण्यात ‘सोळा आणे खरं मानू नकोस’, ‘जसंच्या तसं धरू नकोस’. बातमी कानोकानी आली असेल तर ‘सांगोवांगीची गोष्ट आहे, खात्री करून घे’. ‘ऐकावे जनाचे, करावे मनाचे’ हे मात्र इथे वापरू नका. त्यात सल्ला न पाळण्याची गोष्ट आहे, खऱ्या-खोट्याची नाही.

हात बसवायला तीन वाक्यं मराठीतून इंग्रजीत करून बघा. ‘एजंट म्हणतो दोन तासांत पोहोचाल, पण पावसाळ्यात घाटात गाड्या रखडतात, तेव्हा ते तेवढं धरू नका.’ ‘तिने ती गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली.’ ‘सरांनी झापलं, पण त्याने ते शांतपणे घेतलं.’ पहिल्यात दावा आहे आणि शंकेचं कारणही हाताशी आहे: ‘द एजंट सेज टू अवर्स, बट आय वुड टेक दॅट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट, सिन्स ट्रॅफिक क्रॉल्स थ्रू द घाट इन द मान्सून.’ दुसऱ्यात मीठ सांगणाऱ्याचं आहे, म्हणून ‘शी एक्झॅजरेटेड द स्टोरी’. तिसऱ्यात खऱ्या-खोट्याचा प्रश्नच नाही, म्हणून ‘ही टूक इट इन हिज स्ट्राइड’. तीन वाक्यांपैकी पिंच ऑफ सॉल्ट लागतं ते एकाच ठिकाणी.